घाटात गाडीचं शेपूट का सुटतं आणि सुटलं तर काय करायचं: पुढच्या चाकांवर चालणाऱ्या वेगवान गाडीच्या नव्या मालकांसाठी

जुलै महिना होता. पाऊस नुकताच थांबला होता आणि मी कासकडून यवतेश्वरचा घाट उतरत साताऱ्याकडं येत होते. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, एक उजवं वळण अर्धं घेऊन झालेलं. तेवढ्यात समोरून एसटी वळण जरा मोठं घेत आली आणि मी घाबरून रेस एकदम सोडली. गाडी हळू होईल अशी माझी अपेक्षा होती. त्याऐवजी मागचा भाग डावीकडं झाडला गेला, समोरच्या काचेत रस्त्याऐवजी दरी दिसायला लागली, मी ब्रेक दाबला आणि मागचं डावं चाक डोंगराकडच्या गटारात जाऊन आपटलं. एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी वेळेत थांबवली. कुणाला काही लागलं नाही.

घरी आल्यावर मामा म्हणाले, "अगं, मागून सुटली की रेस सोडायची, हे आम्ही कमांडर जीपवर शिकलो." मी म्हटलं, "मामा, रेस सोडली म्हणूनच तर सुटली." त्या दोन वाक्यांचा मेळ लावायला मला जवळपास वर्ष लागलं. मामांचं त्यांच्या जीपपुरतं बरोबर होतं, कारण तिला मागची चाकं ढकलायची. माझ्या गाडीला पुढची चाकं ओढतात. नियम तिथंच उलटा होतो आणि नेमकं हे गाडी विकत घेताना कुणी सांगत नाही.

पोलो जीटी टीएसआय, बलेनो आरएस, आय२० एन लाइन, अल्ट्रोझ रेसर, ऑक्टाव्हिया आरएस, मिनी कूपर एस, यांपैकी काहीही नवं किंवा जुनं घेतलं असेल आणि आधी साधी गाडी किंवा जीप-सुमो चालवली असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. शक्य तर पहिल्या पावसाआधी वाचा.

१. दोन प्रकारचं सुटणं आधी ओळखा

टायरची पकड पुढची आधी संपते किंवा मागची. दोन्हींची लक्षणं वेगळी आणि इलाजही वेगळे.

पुढची पकड संपली की तुम्ही स्टेअरिंग आणखी फिरवता आणि गाडी ऐकत नाही, नाक वळणाच्या बाहेर सरकत जातं. याला अंडरस्टिअर म्हणतात. स्टेअरिंग एकदम हलकं लागतं आणि पुढून टायर घासल्याचा आवाज येतो. पुढच्या चाकांच्या गाडीचा हा मूळ स्वभाव आहे आणि कंपन्या तो मुद्दाम तसा ठेवतात. कारण घाबरलेला माणूस रेस कमी करतो, त्यानं पुढच्या टायरवर वजन येतं आणि गाडी बहुतेक वेळा आपोआप वळायला लागते.

मागची पकड संपली तर उलटं. तुम्ही जितकं फिरवलं त्यापेक्षा गाडी जास्त वळते. हा ओव्हरस्टिअर, म्हणजेच शेपूट सुटणं. हे हाताला उशिरा कळतं, कमरेला आधी. सीट आपल्या खालून बाजूला सरकतेय असं वाटतं. मला त्या दिवशी ते जाणवलं होतं, फक्त त्याचा अर्थ माहीत नव्हता.

जीपमध्ये किंवा जुन्या पद्मिनी-ॲम्बेसेडरमध्ये जास्त रेस दिली की मागची चाकं फिरायची आणि शेपूट सुटायचं. म्हणून "रेस सोड" हा सल्ला. आपल्या गाडीत रेस जास्त दिली तर फिरतील ती पुढची चाकं, म्हणजे अंडरस्टिअर. शेपूट सुटतं ते रेस सोडल्यावर. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

२. रेस सोडली की नेमकं काय होतं

इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल सगळं पुढं असल्यामुळं अशा गाडीचं साधारण ६० टक्के किंवा त्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर असतं. मागचा भाग मुळात हलका. वळणात रेस झटकन सोडली की इंजिनच्या ब्रेकिंगनं वजन आणखी पुढं झुकतं. पुढच्या टायरना जास्त दाब मिळतो, म्हणून ते आणखी जोरात वळवतात. मागच्या टायरवरचा दाब त्याच क्षणी कमी होतो, म्हणून ते धरून ठेवू शकत नाहीत. पुढचं ओढतंय, मागचं सुटतंय, आणि गाडी स्वतःभोवती फिरते.

ब्रेक दाबला तर हेच जास्त जोरात. उतारावर तर गाडीचं वजन आधीच पुढं झुकलेलं असतं, म्हणून घाट चढताना जी गाडी शहाण्यासारखी वागते ती उतरताना वेगळी वाटते. वळणात खालचा गिअर टाकून क्लच पटकन सोडणं हाही रेस सोडण्याचाच प्रकार, उलट त्याचा झटका मोठा.

दुसरी गोष्ट टायरच्या ताकदीची. टायरकडं भाकरी एकच असते. ती ब्रेकला द्या, वळायला द्या किंवा दोघांत वाटा. वळायला जितकी जास्त लागेल तितकी ब्रेकसाठी कमी उरते. पुढच्या टायरवर आपल्या गाडीत तिसरा खाणारा पण आहे, तो म्हणजे इंजिन. वळणातून बाहेर पडताना गाडी सरळ व्हायच्या आत टर्बोची पूर्ण रेस दिली की आतलं चाक फिरायला लागतं, स्टेअरिंग हातात ओढ खातं आणि नाक बाहेर जातं, ते याचमुळं.

३. वेगाचं गणित एकदा कागदावर करा

हे गणित मी अपघातानंतर केलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. घाटातलं बऱ्यापैकी तीव्र वळण धरा, त्रिज्या ३० मीटर. वळताना टायरना किती जोर लावावा लागतो तो वेगाच्या वर्गाप्रमाणं वाढतो. ताशी ४० किमीला हा जोर गाडीच्या वजनाच्या ४२ टक्के होतो. ५० ला ६६ टक्के. ६० ला ९४ टक्के.

आता दुसरी बाजू. चांगले टायर कोरड्या, चांगल्या डांबरावर गाडीच्या वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्के जोर सहन करतात. ओल्या डांबरावर हा आकडा बराच खाली येतो, आणि चिखल, शेवाळ किंवा बारीक खडी असेल तर आणखी खूप खाली. म्हणजे ४० ला निवांत असलेलं वळण ५० ला पावसात काठावर येतं आणि ६० ला कोरड्यातही जमत नाही. मीटरवर फरक फक्त दहा-दहाचा दिसतो. "काल तर याच वळणावर ५० नं गेलो होतो" हे म्हणणारा माणूस काल आणि आजच्या रस्त्यातला फरक विसरलेला असतो.

४. टायर: सगळ्यात मोठी चूक इथंच होते

माझ्या गाडीला महिन्यापूर्वीच दोन नवे टायर टाकले होते, पुढं. मागचे जुने तसेच. दुकानदार म्हणाला, "ओढणारी चाकं पुढची, नवे टायर पुढंच घाला." ऐकायला अगदी पटतं, म्हणून मीही मान डोलावली.

दोनच टायर बदलणार असाल तर नवे टायर मागं टाका आणि मागचे बरे असलेले पुढं आणा. टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याही हेच सांगतात. कारण सरळ आहे. पुढची पकड आधी गेली तर गाडी सरळ जाते, तुम्हाला कळतं, तुम्ही वेग कमी करता. मागची आधी गेली तर गाडी फिरते आणि सामान्य ड्रायव्हरला ती सावरता येत नाही. पाण्याच्या थरावर झिजलेला टायर आधी तरंगतो. पुढं खोल नक्षी आणि मागं गोटा झालेले टायर म्हणजे पावसात फिरण्याची तयारी आपणच करून ठेवणं. दुकानात तुमच्याशी वाद घालतील, घालू दे. गाडी तुमची आहे.

बाकी तपासण्या अशा:

- नक्षीची खोली कायद्यानं किमान १.६ मिमी हवी. टायरच्या खाचांमध्ये आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. घाटात पावसाळ्यात मी ३ मिमीच्या खाली टायर ठेवत नाही.
- टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी घेतली असेल तर चारही टायरची तारीख पाहा. नक्षी भरपूर पण रबर कडक झालंय, असे टायर उभ्या राहिलेल्या गाड्यांना हमखास असतात.
- चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे असतील तर उत्तम. निदान एका ॲक्सलवरचे दोन्ही तरी.
- हवा गाडी थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच. पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट ३५ पौंड मारतो, त्याला थांबवून आकडा सांगा. मागच्या टायरमध्ये जास्त हवा भरून गाडी "चपळ" करायची युक्ती काही हौशी मंडळी सांगतात. त्यानं शेपूट लवकर सुटतं, दुसरं काही नाही. रस्त्यावर करू नका.

चाक खड्ड्यात किंवा गटारात जोरात आपटलं असेल तर अलाइनमेंट करताना चारही चाकांचं माप मागा. बऱ्याच हॅचबॅकना मागं एकसंध बीम असतो, त्याला ॲडजस्टमेंट नसते, म्हणून दुकानदार मागचं माप घेतच नाहीत. माझा बीम वाकला होता. दोन महिने गाडी डाव्या वळणात एक आणि उजव्या वळणात दुसरीच वागत होती, आणि मला वाटत होतं मीच घाबरट झालेय. मागचे शॉकअप गळत नाहीत ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

५. शिकायची जागा: रस्ता नव्हे

यवतेश्वर, पसरणी, केळघर, कुंभार्ली. कुठलाही घाट सराव करायची जागा नाही. तिथं चुकीला जागा नसते. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला गटार, आणि समोरून दुधाची गाडी किंवा शाळेची बस. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये धोकादायक चालवण्यासाठी कलम १८४ आणि रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी करण्यासाठी कलम १८९ आहे. रात्री रस्ता रिकामा असतो म्हणून ही कलमं रात्री झोपत नाहीत.

आपल्या भागात एक चांगली सोय आहे जी पुण्या-मुंबईसारख्या शहरात नाही: साखर कारखान्याचं उसाचं यार्ड. गळीत हंगाम संपला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या राहायची ती मोठी जागा पुढच्या हंगामापर्यंत मोकळीच पडलेली असते. मामांनी कारखान्यात तीस वर्षं काढल्यामुळं ओळख होती, तरी आम्ही रीतसर अर्ज केला. खासगी मोठं मैदान, बंद पडलेल्या कंपनीचं आवार हेही चालेल. मात्र मालकाची लेखी परवानगी पाहिजेच.

आमच्याकडून मागितलेली कागदपत्रं:

- कार्यकारी संचालकांच्या नावे अर्ज, त्यात तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि सोबत येणाऱ्यांची नावं
- आरसी, लायसन्स, चालू विमा आणि पीयूसीच्या प्रती
- नुकसान झाल्यास जबाबदारी आमची, असं स्टॅम्प पेपरवर हमीपत्र

सोबत न्यायचं सामान:

- शंकू. नसतील तर रंगाचे रिकामे डबे, आपटले तरी गाडीला काही होत नाही
- हवेचं मीटर आणि पायपंप
- चाकाचा पाना. सुरुवातीला आणि मधे एकदा नट तपासायला
- अग्निशामक सिलेंडर आणि प्रथमोपचार पेटी
- पातळ तळव्याचे बूट. चप्पल घालून कुणालाही बसू देऊ नका
- एक माणूस ज्याचं काम फक्त बघणं आणि कुणी आत आलं तर हात वर करणं

गाडीतली पाण्याची बाटली, छत्री, मोबाईल, डिकीतलं सामान सगळं बाहेर. आमच्या पहिल्याच फेरीत बाटली घरंगळत ब्रेकच्या पॅडलखाली गेली होती. तेव्हापासून मी गाडी पूर्ण रिकामी केल्याशिवाय सुरू करत नाही.

विम्याचं आधी समजून घ्या. गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. यार्डात काही मोडलं तर विमा देईल असं धरून चालू नका. म्हणून वेग कमी, मोकळी जागा जास्त.

जागा कशी हवी? दाबून घट्ट झालेला मुरूम किंवा काँक्रीट, थोडं ओलं केलेलं. भुसभुशीत माती नको. गाडी आडवी सरकत असताना चाक मातीत रुतलं किंवा कट्ट्याला अडलं तर गाडी उलटू शकते. यार्डात वजनकाट्याजवळचे कठडे, खांब, गटाराची झाकणं कुठं आहेत ते आधी पायी फिरून बघा. आम्ही तो फेरा दोघांनी स्वतंत्र मारला आणि मामांना दिसलेला एक तुटका लोखंडी अँगल मला दिसलाच नव्हता.

६. सराव, याच क्रमानं

पहिला टप्पा, ब्रेक. सरळ रेषेत ताशी ४० ला जाऊन ब्रेक जीव खाऊन दाबा. पॅडल पायाखाली थरथरतं, कर्रकर्र आवाज येतो. ते एबीएस आहे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. गाडी मोडत नाहीये. बहुतेक लोक हा थरकाप जाणवताच पाय उचलतात. पाच-सहा वेळा करा, म्हणजे ती भीती जाते.

दुसरा टप्पा, वर्तुळ. मधोमध एक शंकू, त्याभोवती १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ, बाहेर सगळीकडं निदान ३० मीटर मोकळं. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी १५ नं सुरुवात करून हळूहळू वेग वाढवा. ओल्या मुरमावर २५ ते ३० च्या दरम्यान नाक बाहेर सरकायला लागेल. आता स्टेअरिंग आणखी फिरवून बघा. काही होत नाही. तेच थोडं सरळ करा आणि रेस हळूच कमी करा, पुढचे टायर पुन्हा धरतात. हाताला ते कळेपर्यंत फिरत राहा. मला तीन रविवार लागले. अंडरस्टिअरचा इलाज एवढाच आहे.

तिसरा टप्पा, रेस सोडणं. याच वर्तुळात, २५ च्या आसपास, रेस झटकन पूर्ण सोडा. नाक आत येतं आणि कमरेखाली ती सरकण्याची जाणीव होते. ईएसपी (गाडी घसरली की स्वतःच ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ते चालू असेल तर दिवा लुकलुकेल आणि गाडी स्वतःच सावरेल. सुरुवातीला चालूच ठेवा. आधी फक्त जाणीव ओळखायला शिका, काही करू नका. मग तीच रेस हळू, दोन सेकंद घेऊन सोडा. शेपूट हलतसुद्धा नाही. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या दोन फेऱ्यांमधल्या फरकानं. वेग तोच, वळण तेच, फक्त उजव्या पायाची घाई वेगळी.

चौथा टप्पा, सावरणं. कसं ते पुढच्या, सातव्या भागात दिलंय. हा शिकलेल्या माणसाला शेजारी बसवूनच. मामा तिसऱ्या टप्प्यानंतर स्वतः चालवायला बसले. पहिल्यांदा सवयीनं रेस सोडली आणि गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडानं उभी राहिली. खाली उतरले, टायरच्या खुणांकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हिला ओढू द्यायचं, होय ना?" तेच.

हँडब्रेक ओढून गाडी फिरवायचा मोह होईल. त्यातून सावरणं शिकता येत नाही, कारण घाटात शेपूट हँडब्रेकनं सुटत नाही.

७. शेपूट सुटलं तर काय करायचं

वाचायला वेळ लागतो, प्रत्यक्षात हे सगळं एका सेकंदात घडतं. म्हणून यार्डात पुन्हा पुन्हा करायचं.

नजर आधी. जिथं जायचंय तिथं बघा, दरीकडं किंवा एसटीकडं नाही. हात नजरेमागं जातात, हे मला आधी खोटं वाटायचं.

त्याच क्षणी स्टेअरिंग शेपूट ज्या बाजूला गेलंय त्या बाजूला फिरवा. शेपूट डावीकडं, तर स्टेअरिंग डावीकडं. नजर रस्त्यावर असेल तर हात हे बरेचसे आपोआप करतात.

ब्रेक नाही. क्लच नाही.

आणि आता पुढच्या चाकांच्या गाडीचा खास भाग: थोडी रेस द्या. पूर्ण नाही, पॅडलचा पाव भाग. त्यानं वजन पुन्हा मागं जातं, मागचे टायर जमिनीला धरतात, आणि पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. मामांच्या जीपमध्ये हेच केलं असतं तर ती आणखी फिरली असती. म्हणून कुणाचाही सल्ला ऐकताना त्याची गाडी कुठली चाकं चालवते हे आधी विचारा. उलट, आपल्या गाडीतही घाबरून पूर्ण रेस दिली तर पुढची चाकं फिरतील, वळवायची ताकद जाईल आणि गाडी वळणाबाहेर जाईल.

शेवटचं पाऊल बहुतेकजण चुकवतात. मागचे टायर पुन्हा धरतात त्या क्षणी स्टेअरिंग झटकन सरळ करा. उशीर झाला तर साठलेला सगळा जोर उलट्या दिशेनं सुटतो आणि शेपूट दुसऱ्या बाजूला पहिल्यापेक्षा जोरात जातं. बऱ्याच गाड्या पहिल्या झटक्यात नाही, या दुसऱ्या झटक्यात रस्ता सोडतात.

आणि गाडी अर्ध्याहून जास्त फिरली, आता येत नाही असं कळलं, तर मात्र क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा आणि ती थांबेपर्यंत दाबूनच ठेवा. निदान ती कुठल्या रेषेत सरकणार हे समोरच्याला कळतं.

८. ईएसपीवर विश्वास ठेवा, पण त्याचं ऐका

ईएसपी प्रत्येक चाकाला वेगवेगळा ब्रेक लावू शकतं, जे माणसाला जमत नाही. शेपूट सुटलं की ते बाहेरच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ ओढतं. नाक बाहेर गेलं तर मुख्यतः आतल्या मागच्या चाकाला. पण ते टायरची पकड वाढवू शकत नाही. ३० मीटरच्या ओल्या वळणात ६० नं गेलात तर ईएसपी तुम्हाला व्यवस्थित सरळ ठेवून कठड्यावर नेईल. रस्त्यावर ते बंद करू नका, आणि घाटात दिवा एकदा जरी लुकलुकला तरी पुढच्या वळणाला वेग दहानं कमी करा. जुन्या गाडीचा सौदा करताना त्या मॉडेलमध्ये ईएसपी आहे का हे मी आता रंगाच्या आधी विचारते.

९. हे सगळं घाटात कसं वापरायचं

वेग आणि गिअर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर ठरवा. वळणात शिरताना पाय ब्रेकवरून सुटून रेसवर हलका टेकलेला हवा, गाडी ना ओढतेय ना थांबतेय अशी. ऑटोमॅटिक असेल तर उतारावर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा गिअर स्वतः पकडून ठेवा, म्हणजे ऐन वळणात गिअरबॉक्स आपल्या मनानं खालचा गिअर टाकणार नाही. वळणाचं दुसरं टोक दिसत नसेल तर दिसतं तेवढ्या अंतराच्या अर्ध्यात थांबता आलं पाहिजे. असा वेग असेल तर एसटी दिसल्यावर घाबरायची वेळच येत नाही, आणि रेस झटकन सोडायचीही.

आपल्या भागातल्या सापळ्यांची माझी यादी, महिन्यांप्रमाणं. जूनचा पहिला पाऊस सगळ्यात वाईट, कारण उन्हाळाभर साठलेली धूळ आणि तेल वर येतं आणि अजून धुऊन गेलेलं नसतं. जुलै-ऑगस्टला झाडाखालच्या, ऊन न लागणाऱ्या वळणांवर शेवाळ धरतं. काळा डाग ओला वाटतो, असतो हिरवट. कासच्या वाटेवर जांभ्याची लाल माती पाण्याबरोबर रस्त्यावर येऊन बसते. ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलांची गर्दी, वळणावर गाडी लावून फोटो काढणारे, आणि वर दाट धुकं. नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम: रानातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल, पडलेली उसाची कांडी, आणि अंधारात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या. एप्रिल-मे कोरडे, पण साइडपट्टीची बारीक खडी वळणाच्या आतल्या बाजूला वाहून आलेली असते. वळण कापून आत घेणाऱ्याचं चाक नेमकं तिच्यावर पडतं.

चार माणसं आणि डिकीत सामान असेल तर गाडी वेगळीच वागते. शेपूट सुटलं की थांबवायला जड. कासला पाहुणे घेऊन जाताना एकट्यानं चालवल्यासारखं चालवू नका.

१०. गाडीत बदल करण्याआधी

गाडी खाली बसवणारे स्प्रिंग, मागचा जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी झुकू न देणारा दांडा), रुंद रिम, हे सगळं पहिल्या महिन्यातच घ्यावंसं वाटतं. मागचा बार जाड केला की अंडरस्टिअर कमी होतो हे खरं. पण तो कमी होतो मागची पकड कमी करून, आणि आपल्या खड्ड्यांच्या, ओल्या रस्त्यावर तीच आपली शिल्लक आहे. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मोठा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली अडचणीचा ठरतो आणि विम्याच्या दाव्यातही तोच मुद्दा निघतो. पैसे खर्च करायचेच तर चार उत्तम टायर, नवे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. एवढ्यानं गाडी जितकी बदलते तितकी दुसऱ्या कशानं बदलत नाही.

११. त्यापुढं जायचं असेल तर

यार्डात मन भरलं नाही तर ट्रॅकवर जा. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक या दोन्ही ठिकाणी वर्षानुवर्षं पुढच्या चाकांच्या गाड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. फोक्सवॅगननं २०१० साली पोलो कप सुरू केला तो याच प्रकारच्या गाडीवर. पुढच्या चाकांची गाडी म्हणजे खरी स्पोर्ट्स कार नव्हे असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा, छोट्या मिनी कूपरनं माँटे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा जिंकली. त्या काळचे रॅली ड्रायव्हर उजवा पाय रेसवर ठेवून डाव्या पायानं ब्रेकला हलका स्पर्श करत शेपूट हवं तेवढंच फिरवायचे. ते बघायला सुंदर आहे. रस्त्यावर मात्र डावा पाय क्लचच्याच बाजूला ठेवा. क्लचला सवयीचा पाय ब्रेकवर पडला की जीव खाऊन पडतो.

ट्रॅकवर आधी प्रशिक्षकासोबतचं सत्र घ्या, पहिल्याच दिवशी वेळ मोजू नका. हेल्मेट, अंग झाकणारे सुती कपडे, टो हूक आणि पुरेसं ब्रेक ऑइल सोबत हवं. दोन-तीन फेऱ्यांनंतर ब्रेक मऊ लागले तर एक फेरी ब्रेक न वापरता हळू मारून थंड करा. आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या चाकांवर पॅड चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा. तापलेल्या टायरची हवा वाढते म्हणून ट्रॅकवर ती काढावी लागते. परतीच्या प्रवासाला निघण्याआधी ती थंड टायरवर पुन्हा स्टिकरच्या आकड्याला आणा. कोइम्बतूरहून सातारा हजार किलोमीटरच्या पुढं आहे, आणि कमी हवेचे, आदल्या दिवशी तापवलेले टायर हायवेच्या वेगाला तेवढा पल्ला सहन करत नाहीत. त्यात नटही पुन्हा आवळून घ्या.